रोनित एल्काबेत्झ : एका अभिनेत्रीच्या कारकिर्दीतून वाचायचा इतिहास

आजच्या धाग्याचा विषय एक अभिनेत्री आहे. इतिहासाच्या धाग्यात चित्रपटातील नटी कशाला, असे कुणी विचारील. इस्रायलच्या समाजेतिहासातले दोन मोठे प्रश्न आहेत: पूर्वेकडील देशांतून आलेल्या ज्यूंना मिळालेले दुय्यम स्थान आणि विवाह-घटस्फोटांवर धर्मन्यायालयांची असलेली मक्तेदारी. हे दोन्ही प्रश्न ज्याला समजून घ्यायचे आहेत, त्याने रोनित एल्काबेत्झ हिचे पाच-सहा चित्रपट पाहावेत. पाठ्यपुस्तकाच्या चार प्रकरणांतून जे हाती लागत नाही, ते तिथे सापडते. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

१९ एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले. त्या वेळी तिच्यावर लिहिले गेलेले बहुतेक लेख तिचे काळेभोर केस, धारदार चेहरा, खर्जातला आवाज आणि पडद्यावरचा दरारा यांत रमले. युरोपातील थोर नट्यांशी तुलना झाली. हे सारे खरेच आहे. पण अशा कौतुकात एक मोठी गोष्ट झाकली जाते. ही बाई केवळ भूमिका करीत नव्हती. तिने आपल्या भावाच्या साथीने तीन चित्रपट लिहिले आणि दिग्दर्शित केले. त्यांत एका सामान्य स्त्रीचे बारा-पंधरा नव्हे, पंचवीसेक वर्षांचे वैवाहिक आयुष्य नोंदवलेले आहे. तिची खरी कमाई ती आहे, असे माझे मत आहे.

आधी पार्श्वभूमी. रोनितचा जन्म १९६४ साली बेर्शेबा येथे झाला. आईवडील मोरोक्कोचे, एसाउइरा या जुन्या बंदरातल्या ज्यू घराण्यातले. पुढे कुटुंब हैफाजवळच्या किर्यात याम या गावी राहिले. वडील टपालखात्यात नोकरीला, आई केस कापण्याचा व्यवसाय करणारी. चार भावंडांत रोनित थोरली. आई घरात फ्रेंच आणि मोरोक्कन अरबी बोले, तर वडिलांचा आग्रह असा की घरात हिब्रूच बोलायची. हा तपशील लक्षात ठेवा. नव्या राष्ट्राची भाषा आणि मागे सोडून आलेल्या गावाची भाषा एकाच स्वयंपाकघरात भांडत होत्या, आणि त्या भांडणाचा आवाज पुढे तिच्या चित्रपटांत जसाच्या तसा उतरला आहे.

मोरोक्को, इराक, येमेन, इराण अशा देशांतून आलेल्या ज्यूंना इस्रायलमध्ये 'मिझराही', म्हणजे पूर्वेकडचे, म्हणतात. युरोपातून आलेले ते 'आश्केनाझी'. राष्ट्राची सूत्रे प्रारंभी दुसऱ्या गटाकडे होती. १९५०च्या दशकात मिझराहींचे लोंढे आले तेव्हा त्यांना आधी तात्पुरत्या छावण्यांत आणि नंतर सीमेवरच्या, वाळवंटाच्या कडेच्या नव्या वसाहतींत नेऊन बसवले गेले. कामे मजुरीची, शाळा दुय्यम दर्जाच्या. १९५९ साली हैफाच्या वादी सालिब वस्तीत उठाव झाला. १९७१ साली जेरुसलेमच्या मुस्रारा भागातील तरुणांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीवरून नाव घेऊन 'ब्लॅक पँथर्स' संघटना उभी केली. बहुतेकींचे आईबाप मोरोक्कोतून आलेले.

पडद्यावर मात्र या लोकांचे काय चित्र होते? रोनितच्या जन्मवर्षीच, १९६४ साली, एफ्राइम किशोन यांचा 'सालाह शबाती' प्रदर्शित झाला. छावणीत आलेला, आळशी, पटाईत, पोरांचे लेंढार असलेला पूर्वेकडचा ज्यू हा त्याचा नायक, आणि ती भूमिका केली ती पोलंडहून आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या, तिशीही न गाठलेल्या हाइम तोपोल याने. चित्रपट विनोदी आहे, सरकारी यंत्रणेचीही त्यात भरपूर थट्टा आहे. पण हसू कुणावर येते हे पाहावे. पुढे अशा चित्रपटांची लाटच आली. सारण भरलेल्या एका खाऱ्या पदार्थावरून त्यांना 'बुरेकास' चित्रपट असे नाव पडले. १९७१च्या 'पोलीस अझुलाय' या गाजलेल्या चित्रपटात मोरोक्कन शिपायाची भूमिका शायके ओफिर यांनी केली, तेही आश्केनाझी. ओफिर थोर नट होते आणि ती भूमिका फार हृद्य आहे; तरीही इस्रायली चित्रपटाचा सर्वोच्च पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो आणि एल्काबेत्झला तो तीनदा मिळाला, ही इतिहासाची एक मिस्कील खोडी म्हणावी लागेल. एला शोहात या बगदादी ज्यू घराण्यातील अभ्यासिकेने १९८९ साली इस्रायली चित्रपटावरील आपल्या पुस्तकात या साऱ्या चित्रणाची उलटतपासणी केली. ज्यांना विषयात खोल जायचे आहे त्यांनी तो ग्रंथ जरूर मिळवावा.

एल्काबेत्झचा पहिला चित्रपट १९९०चा, डॅनिएल वाक्समान यांचा 'हामेयुआद'. अभिनयाचे रीतसर शिक्षण तिने घेतलेले नव्हते; ती मॉडेलिंग करीत होती. चार वर्षांनी 'श्हूर' आला. मोरोक्कन कुटुंब, घरातले जादूटोण्याचे संस्कार आणि त्यांपासून दूर पळून प्रतिष्ठित झालेली मुलगी अशी त्याची कथा. एल्काबेत्झने यात थोरल्या, मतिमंद, पण अद्भुत शक्ती असलेल्या बहिणीची भूमिका केली. चित्रपटावर मिझराही विचारवंतांकडूनच टीका झाली: आपण अंधश्रद्धाळू आहोत ही गोऱ्यांची समजूत तुम्ही आपल्याच हातांनी पक्की करता आहात. मला या टीकेत तथ्य वाटते. मात्र या चित्रपटाची लेखिका हाना अझुलाय-हास्फारी स्वतः मोरोक्कन कुटुंबातली होती. तक्रारीचे का होईना, घरातले माणूस घरातली गोष्ट सांगू लागले होते.

१९९७च्या सुमारास ती पॅरिसला गेली. आरियान म्नूश्किन यांच्या 'तेआत्र द्यु सोलेय' या नाट्यसंस्थेत ती शिकली आणि नर्तकी मार्था ग्रॅहम हिच्या जीवनावरचा एकपात्री प्रयोग तिने आव्हिन्यों महोत्सवात केला. तिथून पुढे तिचे काम दोन देशांत आणि दोन भाषांत चालत राहिले. आईची भाषा तिला परदेशी रंगभूमीवर उपयोगी पडली, असे म्हणता येईल.

२००१ साली दोव्हेर कोसाश्विली यांचा 'उशिराचे लग्न' आला आणि चित्र पालटले. जॉर्जियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, तिशी ओलांडलेला झाझा. आईबाप त्याला मुलींच्या घरी दाखवण्याच्या कार्यक्रमाला फिरवीत असतात (मराठी वाचकाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको). आणि झाझाचे गुपचूप प्रेम आहे युदितवर: घटस्फोटित, एका मुलीची आई, वयाने त्याच्याहून मोठी आणि शिवाय मोरोक्कन. जॉर्जियन कुटुंबाच्या दृष्टीने यांतील एकेक गोष्ट पुरेशी होती. इथे तर चारही एकत्र. एके रात्री सारे नातेवाईक तिच्या घरावर चाल करून येतात. त्या प्रसंगात एल्काबेत्झ फारसे बोलतच नाही. अपमान गिळणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दगडासारखा होत जातो, एवढेच ती दाखवते. दिग्दर्शकाने झाझाच्या आईच्या भूमिकेत स्वतःच्या आईलाच उभे केले होते, त्यामुळे त्या घरातली भांडणे उसनी वाटत नाहीत. मिझराही म्हणजे एकसंध समाज नव्हे, त्याच्या आत पुन्हा उतरंडी आहेत, हे मला प्रथम या चित्रपटाने शिकवले.

आता कायद्याकडे वळू, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

इस्रायलमध्ये नागरी विवाह नाही. मूळ व्यवस्था उस्मानी साम्राज्याच्या 'मिल्लत' पद्धतीची: ज्या त्या धर्मसमूहाने आपल्या लोकांचे विवाह, घटस्फोट आपापल्या धर्मन्यायालयात लावावेत. ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनचा कारभार हाती घेतल्यावर १९२२च्या आदेशाने ती तशीच चालू ठेवली, आणि १९५३ साली इस्रायलच्या संसदेने कायदा करून ज्यू नागरिकांच्या विवाह-घटस्फोटांचा अधिकार रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवला. मुस्लिम, ख्रिस्ती, द्रुझ यांची न्यायालये वेगळी. १९६३च्या एका निकालानंतर परदेशात, बहुधा जवळच्या सायप्रसला जाऊन, केलेल्या नागरी विवाहाची सरकारदफ्तरी नोंद होऊ लागली. परंतु घटस्फोटाची वेळ आली की ज्यू दांपत्याला पुन्हा रब्बींचेच दार ठोठवावे लागते.

आणि तिथे नियम असा की विवाह संपतो तो न्यायाधीशाच्या निकालाने नव्हे. नवऱ्याने स्वखुशीने 'गेत', म्हणजे घटस्फोटपत्र, बायकोच्या हातात ठेवले तरच ती मोकळी होते. न्यायालय त्याला सांगू शकते, दटावू शकते. १९९५च्या कायद्यानुसार त्याचा वाहनपरवाना रोखता येतो, त्याला तुरुंगातही टाकता येते. पण शेवटी पत्र द्यायचे त्यानेच. त्याने नाकारले तर ती स्त्री 'अगुना', जखडलेली. या अवस्थेत तिला दुसऱ्या पुरुषापासून मूल झाले तर ते 'मम्झेर' ठरते आणि सर्वसामान्य ज्यू व्यक्तीशी विवाह करण्याचा त्याचा हक्क जातो. शिक्षा पुढच्या पिढीला. नवऱ्याला मात्र दुसऱ्या स्त्रीपासून मूल झाले, आणि ती स्त्री अविवाहित असली, तर त्या मुलावर असा डाग लागत नाही.

या मम्झेरच्या मुद्द्यापाशी क्षणभर थांबा, कारण इथे आपल्या कोकणाचा संबंध येतो. रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले जाणारे बेने इस्रायल लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. बेर्शेबा, दिमोना, अश्दोद अशा वसाहतींत त्यांची घरे मोरोक्कन घरांच्या शेजारी लागली. १९६२ साली प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्ती समाजाबाहेरच्या ज्यू व्यक्तीशी विवाह करणार असेल तर तिच्या आईकडच्या पूर्वजांची चौकशी करावी. कारण? कोकणात शतकानुशतके राहिलेल्या या लोकांना गेतच्या तालमुदी विधीची माहिती नव्हती. तेव्हा त्यांच्यातले जुने घटस्फोट वैध नसतील, आणि मग नंतरच्या विवाहांतली संतती मम्झेर असू शकेल, असा तर्क. जे पत्र अलिबाग-पनवेलच्या बाजूला कुणाला ठाऊकही नव्हते, त्याच्या अभावी एका अख्ख्या समाजाच्या कुळशीलावर शंका घेतली गेली. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली. संसदेला खास चर्चा करावी लागली, आणि आदेशातून समाजाचे नाव काढले गेले. ज्या साली एल्काबेत्झ जन्मली, त्याच सालची ही घटना. तिच्या चित्रपटांशी या लढ्याचा थेट संबंध नाही. पण विव्हिआन ज्या खोलीत उभी राहते, त्याच व्यवस्थेच्या दारात मराठी बोलणारी माणसेही उभी राहिली होती.

आता विव्हिआन. रोनित आणि तिचा धाकटा भाऊ शलोमी यांनी आपल्या आईच्या आयुष्यावरून रचलेली ही व्यक्तिरेखा. विव्हिआन अम्सालेम, घरी केस कापून संसाराला हातभार लावणारी मोरोक्कन स्त्री. नवरा एलिशा, टपालखात्यातला. एलिशाची भूमिका सिमोन अबकारियन या फ्रेंच-आर्मेनियन नटाने केली. पहिला चित्रपट 'आणि तू बायको केलीस' २००४ सालचा; कथा १९७९च्या हैफातली, शब्बाथपूर्वीच्या तीन दिवसांची. दुसरा 'शिवा', २००८. काळ १९९१चा, आखाती युद्धाचा. घरातला एक भाऊ वारला आहे, प्रथेप्रमाणे सारे कुटुंब सात दिवस एका घरात जमिनीवर गाद्या टाकून बसले आहे, आणि भोंगा वाजला की शोक करणारे विषारी वायूपासून बचावासाठी मुखवटे चढवतात. तिसरा 'गेत', २०१४.

पहिल्या चित्रपटाच्या आरंभी कॅमेरा विव्हिआनच्या चेहऱ्यापासून हलत नाही. तिचे भाऊ भोवती बसून, नवऱ्याकडे राहा म्हणून तिची समजूत घालत असतात. आपल्याला दिसते ती ओठांतली सिगारेट आणि डोळे. तिसऱ्या चित्रपटाच्या आरंभी नेमके उलट: न्यायालयात पुरुष तिच्याविषयी बोलत आहेत, तिच्या दिशेने पाहत आहेत, आणि ती बराच वेळ चौकटीत येतच नाही. घरात तिला निदान चेहरा होता, कज्जा सुरू झाल्यावर तोही गेला. संपूर्ण 'गेत' न्यायालयाची खोली आणि तिच्या बाहेरची बसण्याची जागा एवढ्यातच घडतो. पडद्यावर 'दोन महिन्यांनंतर', 'सहा महिन्यांनंतर' अशा पाट्या येत राहतात आणि पाच वर्षे निघून जातात. एका सुनावणीत ती थकून केस मोकळे सोडते, तर न्यायाधीश चवताळतो.

एलिशा मारकुटा नाही, व्यसनी नाही, त्याने घरखर्चात कसूर केलेली नाही. साक्षीदार एकामागून एक येऊन सांगतात की माणूस सज्जन आहे, भाविक आहे. विव्हिआनची तक्रार एवढीच की तिला त्याच्याबरोबर राहायचे नाही. आणि या तक्रारीसाठी कायद्यात रकानाच नाही. मोरोक्कन नवऱ्याला पुन्हा जुलमी दाखवले, हा या चित्रत्रयीवर घेतला जाऊ शकणारा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. एलिशाला दैत्य केले असते तर दोष एका माणसाच्या माथी मारून प्रेक्षक घरी गेला असता. इथे न्यायाधीशांच्या मागे भिंत आहे, भिंतीमागे १९५३चा कायदा आहे, त्यामागे १९२२चा आदेश. सज्जन माणसाच्या हातीही जो अधिकार असू नये, तो राष्ट्राने त्याच्या हाती ठेवला आहे. शेवटी गेत देण्याचा विधी सुरू होतो, आणि ती आता कोणत्याही पुरुषाशी विवाह करण्यास मोकळी आहे हे वाक्य उच्चारण्याची वेळ येते, तेव्हा एलिशाची जीभ अडते. पुढचे मी सांगत नाही.

कुणी म्हणेल, चित्रपट हा पुरावा नव्हे. बरोबर आहे, खटल्यांची संख्या, निकालांचे कल यांसाठी दफ्तरच उघडावे लागेल. परंतु दफ्तरात निकालाची तारीख सापडते. बाकावर बसून घालवलेली दुपार, घरात फ्रेंच आणि अरबी, न्यायाधीशांपुढे हिब्रू अशी दिवसभर पालटावी लागणारी जीभ, हे दफ्तर नोंदवत नाही. 'गेत'ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट इस्रायली चित्रपटाचा ओफिर पुरस्कार मिळाला आणि गोल्डन ग्लोबचे नामांकनही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रब्बी न्यायाधीशांच्या २०१५च्या वार्षिक परिषदेत तो दाखवण्याचा निर्णय धर्मन्यायालयांच्या प्रशासनानेच घेतला. कायदा मात्र बदलला नाही.

जगाला एल्काबेत्झ ठाऊक आहे ती बहुतांशी २००७च्या एरान कोलिरिन यांच्या 'बँड आला' या चित्रपटामुळे. अलेक्झांड्रियाच्या पोलिसांचे वाद्यवृंदपथक चुकून वाळवंटातल्या एका भलत्याच वसाहतीत उतरते आणि खानावळ चालवणारी दिना त्यांना रात्रीपुरता आसरा देते. पथकप्रमुखाची भूमिका बगदादमध्ये जन्मलेल्या ससोन गबाय यांनी केली. पुढे 'गेत'मध्ये एलिशाच्या बाजूने भांडणारा भाऊ तेच. दिना सांगते की लहानपणी शुक्रवारी दुपारी दूरदर्शनवर लागणारे इजिप्शियन चित्रपट पाहायला सारी वस्ती घरात बसायची. हे खरेच घडत असे. यजमान आणि पाहुणे एकमेकांशी मोडक्या इंग्रजीत बोलतात, आणि निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीत असल्याच्या कारणाने ऑस्करच्या परभाषिक विभागातून तो बाद ठरला. चित्रपट गोड आहे, थोडा जास्तच गोड आहे. दिना ज्या गावात अडकून पडली आहे ते तसे का वसवले गेले, हा प्रश्न तो विचारीत नाही. तरीही एल्काबेत्झ टेबलापाशी बसून कलिंगड कापते तेव्हा त्या कंटाळ्यात वसाहतींचा सगळा इतिहास दिसतो, हे मान्य केलेच पाहिजे.

तिची इतर कामे थोडक्यात. केरेन येदाया यांच्या 'ओर' (२००४) मध्ये शरीरविक्रय सोडू न शकणारी आई. या चित्रपटाला कान महोत्सवात पदार्पणाचा 'कॅमेरा द'ओर' मिळाला. मिखाल अविआद यांच्या 'अदृश्य' (२०११) मध्ये १९७०च्या दशकातील खऱ्या बलात्कारसत्रावर आधारलेली, वीस वर्षांनी भेटणाऱ्या दोन पीडितांची कथा. फ्रान्समध्ये आंद्रे तेशिने यांच्यासारख्या दिग्दर्शकाकडे तिने काम केले, पण तिथे तिला तोलामोलाची भूमिका क्वचितच मिळाली. दूरचित्रवाणीवर तिचे अखेरचे काम 'त्रेपालियुम' ही २०१६ची फ्रेंच मालिका: बेकार आणि नोकरदार यांच्यामध्ये भिंत उभारलेले भविष्यातले शहर, आणि त्याची पंतप्रधान एल्काबेत्झ. ज्या बाईने आयुष्यभर व्यवस्थेच्या बाहेर बसलेल्या स्त्रिया रंगवल्या, तिला शेवटी सत्तेच्या खुर्चीत पाहणे विचित्र वाटते. ती तिथेही अस्वस्थच दिसते.

पाहायचेच असेल तर क्रम असा ठेवा: आधी 'उशिराचे लग्न', मग विव्हिआनची त्रयी कथाक्रमाने, आणि 'बँड आला' त्यानंतर, म्हणजे दिनाच्या गावाकडे पाहताना नजर तयार झालेली असेल. शलोमीने बहिणीच्या मृत्यूनंतर २०२१ साली 'काळ्या वह्या' हा माहितीपट केला आहे. त्यात 'गेत'च्या चित्रीकरणाच्या काळातली रोनित दिसते, आणि ज्या आईवरून विव्हिआन घडली ती आईही. तो मात्र त्रयी पाहिल्याशिवाय उघडू नका.